कुडाळची शनिवारची हार्मोन ओपीडी आणि खालची बसवून ठेवणारी लॅब

प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारा हार्मोन, वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला असेल आणि तुम्ही सिंधुदुर्गात राहत असाल, तर मुंबईचं तिकीट काढायच्या आधी हे वाचा. कुडाळात एका दवाखान्यात शनिवाराआड कोल्हापूरहून हार्मोनच्या डॉक्टर येतात, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्याच इमारतीत तळमजल्याला रक्ताची लॅब आहे. दोघांचं नाव इथे टाकत नाही, कारण खाली दोन-चार तक्रारीही लिहिणार आहे आणि गाव लहान आहे. पण स्टेशनवर रिक्षावाल्याला 'शनिवारच्या हार्मोनवाल्या मॅडम' एवढं म्हटलं तरी तो बरोबर दारात सोडतो.

मी आणि माझी धाकटी नणंद, दोघी तिथल्या पेशंट. दोघींचं प्रोलॅक्टिन वाढलेलं, पण कारण अगदी वेगळं आणि उपायही वेगळा. म्हणून एकाच दवाखान्याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिता येतंय.

आधी माझं. आमचं तारकर्लीला न्याहारी निवास आहे. दिवाळीपासून मे संपेपर्यंत पाहुण्यांच्या न्याहारीत आपली न्याहारी राहते आणि दुपारचं जेवण चार वाजता होतं. त्यामुळे ॲसिडिटी ही आमच्या धंद्यातली कायमची पाहुणी. एका डॉक्टरांनी मागे कधीतरी दिलेली कॅप्सूल रोज सकाळी उपाशीपोटी चालू होती. औषधाच्या दुकानात रिकामी स्ट्रिप दाखवली की नवीन मिळायची, कुणी काही विचारायचं नाही. पाळी आधी पुढे पुढे जायला लागली, मग आलीच नाही. चाळिशी जवळ आली, असेल, म्हणून सोडून दिलं असतं. पण कपड्याला ओले डाग दिसायला लागले. दाबलं की दुधासारखं पाणी. माझा धाकटा चौथीत आहे, दूध यायचं काही कारणच नव्हतं.

रक्त तपासलं ते दुसऱ्या एका लॅबमध्ये. एसटीतून उतरून धावतपळत पोचले, शीर सापडेना म्हणून दोन्ही हातांना टोचलं, संध्याकाळी मोबाईलवर आकडा आला: ६८. खाली छापलेलं, गरोदर नसलेल्या बाईसाठी साधारण २५ पर्यंत ठीक. सोबत तोंडी सल्ला, 'डोक्याचा एमआरआय करून घ्या, गाठ असू शकते.' एवढंच. फोन बंद.

घरात काय झालं असेल ते मालवणी माणसाला सांगायला नको. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. 'डोक्यात गाठ म्हणतत गो! आधी देवाक कौल लावूया, मगे काय ता बघूया.' लावला. कौल उजवा पडला, म्हणजे डॉक्टरकडे जायला देवाची हरकत नाही असं ठरलं आणि आम्ही कुडाळला फोन केला.

इथेच ह्या दवाखान्याचा पहिला गुण. फोनवरच्या मुलीने वय विचारलं, शेवटची पाळी कधी ते विचारलं आणि म्हणाली, 'घरात जेवढ्या गोळ्या खाता, तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा. डोकेदुखीच्या, आयुर्वेदिक, केसांच्या, मध्येच सोडलेल्यासुद्धा. चिठ्ठी नको, गोळ्याच आणा.' मला वाटलं, नवीन पेशंटला उगाच कामाला लावतात.

मॅडमनी पिशवी टेबलावर उपडी केली. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, पायदुखीची एक, आणि माझी ती कॅप्सूल. एकेक स्ट्रिप उचलून पाठ फिरवायची, ट्यूबलाईटकडे तिरकी धरायची, बारीक अक्षरं वाचायची आणि डावीकडे ठेवायची. कॅप्सूलची स्ट्रिप मात्र समोर ठेवली आणि पेनाचं टोक एका शब्दाखाली टेकवलं. 'हे वाचा.' वरची ओळ रॅबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम. खालची ओळ लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. इतके महिने ती चंदेरी पट्टी रोज हातात होती, पण मला ती फक्त 'पिवळी कॅप्सूल' म्हणून माहीत होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन जावेला तसंच्या तसं सांगितलं, तेच इथे लिहिते. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाच्या मागे, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती बरेच हार्मोन सोडते आणि त्यातल्या बहुतेकांना वरून मेंदूकडून 'सोड' असा हुकूम यावा लागतो. प्रोलॅक्टिनचं उलटं. त्याला सतत 'थांब' असाच हुकूम असतो आणि तो हुकूम घेऊन येतो डोपामिन. बाळंतपण, अंगावर पाजणं अशा वेळी हा हुकूम सैल पडतो, प्रोलॅक्टिन वाढतं, दूध येतं, पाळी थांबते. आता लेव्होसल्पिराइड पोट लवकर रिकामं करायला देतात, पण ते काम करतं डोपामिनची जागा अडवून. पोटात अडवतं तसं पिट्युटरीवरही अडवतं. 'थांब' म्हणणाराच अडकला, मग प्रोलॅक्टिन चढणारच. उलटीवर देतात ते डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड ह्याच जातीचे. पित्ताच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये दोन औषधं एकत्र असतात, एक ॲसिड कमी करणारं आणि दुसरं ह्यातलं एखादं. पेशंटला वाटतं, आपण साधी पित्ताची गोळी खातो.

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल अशी मानसिक आजारावरची औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती कुणीही आपल्या मनाने थांबवायची नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. आमच्या नात्यात एकाला अशी औषधं चालू आहेत हे मी बोलून गेले होते, म्हणून असेल. ज्यांनी औषध लिहिलं त्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते करायचं, नाहीतर हार्मोन सुधारेल आणि माणूस बिघडेल.

माझी कॅप्सूल बंद. त्याऐवजी नुसतं ॲसिड कमी करणारं साधं औषध, तेही थोडे दिवस. आणि सकाळी नऊच्या आत काहीतरी खायचं, पाहुणे टेबलावर बसलेले असले तरी. आधी गरोदरपणाची तपासणी केली (मला हसू आलं, पण प्रोलॅक्टिनच्या बाबतीत तो पहिला नियम, कारण गरोदरपणात हा आकडा दोनशेच्याही पुढे जातो), मग थायरॉइडचं टीएसएच आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. थायरॉइड फार मंद असलं की वरून येणारा टीआरएच हार्मोन प्रोलॅक्टिनलाही ढकलतो, आणि किडनी अधू असली तर ते रक्तातून नीट निघत नाही. माझं दोन्ही ठीक निघालं. एमआरआयचं विचारलं तर म्हणाल्या, 'आत्ता नको. गोळीचा आकडा तीन-चार दिवसांत उतरायला लागतो. आपण थोडं जास्त थांबू आणि परत बघू. तेव्हाही वर असला तर एमआरआय. निरोगी माणसांच्या डोक्यांचे एमआरआय काढले तरी दहात एखाद्याच्या पिट्युटरीत बारीक ठिपका दिसतो. तो दिसला की तुम्ही आयुष्यभर त्यालाच धरून बसाल.'

नऊ हजारांचा एमआरआय नको म्हणणारा डॉक्टर. फी वसूल.

आता खालची लॅब. मला वाटतं, मॅडमइतकंच श्रेय तिला आहे. परत तपासायला सकाळी पोचले तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, किती वाजता उठलात? सहाला. मग नऊशिवाय घेणार नाही, झोपेत प्रोलॅक्टिन चढतं आणि उठल्यावर उतरायला वेळ लागतो. काल व्यायाम, धावपळ? छातीला काही मार, ऑपरेशन, नागीण? (छातीवरच्या नागिणीनेही हे वाढू शकतं, तेव्हा कळलं.) केसांसाठी बायोटिनची गोळी खाता का? ती असेल तर दोन दिवस बंद करून या, कारण मशीनची पद्धत बायोटिनवर चालते आणि जास्त बायोटिन रक्तात असलं की आकडा खोटा कमी येऊ शकतो. मग आतल्या खोलीत आरामखुर्ची, वर पंखा, 'मोबाईल पर्समध्ये ठेवा, अर्धा तास बसा.' मी म्हटलं, अहो रिकामी आहे ना खोली, घ्या की लगेच. 'ताई, धावत आलेल्या माणसाचं प्रोलॅक्टिन आम्ही विकत नाही.'

हे त्यांचं पेटंट वाक्य असावं, नणंदेलाही तेच ऐकवलं.

तर अर्धा तास मी भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं. मग सुई, एकाच टोचण्यात, दुखलीसुद्धा नाही. सुईच्या भीतीनेसुद्धा हे वाढतं, म्हणून पहिला आकडा थोडासाच जास्त असेल तर दुसऱ्या वेळी असं शांत बसवून घेतात. ज्यांना पहिल्याच वेळी दीडशे-दोनशे येतो त्यांच्यासाठी ह्या आरामखुर्चीने फरक पडत नाही, पण २५ आणि ५० च्या मधल्या बायकांनी इथेच यावं. माझा दुसरा आकडा आला १४. त्याच महिन्यात पाळीही आली. डाग थांबायला अजून थोडा वेळ लागला, पण थांबले. सासूबाईंनी देवाला नारळ दिला, मी मॅडमना कोकमाच्या आगळाची बाटली नेऊन दिली, त्यांनी पैसे देऊन घेतली.

नणंदेचं प्रकरण वेगळं. ती वेंगुर्ल्याला दिलेली, लग्नाला तीन वर्षं, मूल हवंय आणि पाळी वर्षाआड आल्यासारखी. तिने तिकडेच रक्त दिलं आणि मला फोन, रडत. 'वयनी, तुझा अडुसष्ट होता ना? माझा एकोणीसशे! आता माझा काय खरा नाय.' रिपोर्टचा फोटो मागवला. १९०८ आहे खरं. मला दरदरून घाम.

मॅडमनी रिपोर्ट बघितला, मोबाईलवर भागाकार केला आणि म्हणाल्या, नव्वद. वेगवेगळ्या लॅब वेगवेगळ्या मापात आकडा देतात. माझा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये होता, तिचा मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति लिटरमध्ये. दुसऱ्याला साधारण २१ ने भागलं की पहिला मिळतो. म्हणजे तिचा माझ्यापेक्षा जास्त होता, पण अठ्ठावीसपट नव्हता. रिपोर्ट मोबाईलवर आला की आकड्याशेजारची ती बारीक अक्षरं बघा आणि शेजारणीशी तुलना करायच्या आधी बघा, एवढं ह्या बाबतीत माझं सांगणं आहे.

तिच्या पिशवीत केसांच्या बायोटिनखेरीज काही सापडलं नाही. बायोटिन बंद करून, आरामखुर्चीत बसवून परत घेतलं तर ९४. थायरॉइड ठीक, गरोदरपण नाही. मग एमआरआय, आणि तो कोल्हापूरला, फोंडाघाटातून जाऊन, शिरेत औषध घालून काढतात तो. निघाली ६ मिलिमीटरची गाठ. दहा मिलिमीटरच्या आतली ती मायक्रो, दहा आणि पुढची ती मॅक्रो. आकडा साधारणपणे गाठीबरोबर चालतो. नॅनोग्रॅमच्या मापात अडीचशेच्या पुढे गेला तर मोठ्या गाठीचा संशय, पाचशेच्या पुढे गेला तर जवळजवळ खात्रीच. उलट गाठ मोठी दिसतेय आणि आकडा मात्र किरकोळ, असं असेल तर लॅबला रक्त पातळ करून परत मोजायला सांगतात, कारण प्रोलॅक्टिन अतोनात असलं की मशीनच फसतं. आणि पातळ करूनही आकडा तेवढाच राहिला, तर ती दुसऱ्याच कसलीतरी गाठ असते आणि वरून येणाऱ्या डोपामिनची वाट दाबून बसलेली असते. नणंदेचं ह्यातलं काही नव्हतं. सहा मिलिमीटर आणि नव्वद, दोघांचा मेळ बसत होता.

तरी मॅडमनी तिला समोर बसवलं, 'माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवायची नाही' म्हणून स्वतःचे दोन्ही हात कानांच्या बाजूला लांब नेले आणि बोटं हलवली. दिसतंय? कुठल्या बाजूचं? दोन्ही? पिट्युटरीच्या बरोबर वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ मोठी होऊन वर दाबायला लागली की आधी दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते, समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाच्या लक्षातच येत नाही. दाराच्या चौकटीला, स्कूटरच्या आरशाला धडका बसायला लागतात. सहा मिलिमीटरची गाठ तिथवर पोचत नाही, पण त्यांनी बघितलं. नणंदेला दोन्ही बोटं दिसली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

'ऑपरेशन?' हा प्रश्न तिच्या नवऱ्याने विचारला. नको. पिट्युटरीच्या इतर गाठींवर उपाय करायचा तर बहुतेक वेळा आधी चाकूच लागतो, पण प्रोलॅक्टिनच्या गाठीला आधी गोळीच देतात आणि बहुतेकांना ती पुरते. गोळी लागू पडत नसेल, सोसत नसेल किंवा नजरेला धोका असेल तरच ऑपरेशन, तेही नाकावाटे. कॅबरगोलिन नाव. ०.५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा. रोज नाही. तिच्यासाठी मंगळवार आणि शनिवार ठरवले. ही गोळी डोपामिनचंच काम करते, म्हणजे माझ्या कॅप्सूलच्या बरोबर उलटं. जुनी ब्रोमोक्रिप्टिनही असते, ती स्वस्त, पण रोज घ्यावी लागते आणि मळमळ जास्त.

पहिल्या रात्री मी तिच्याकडेच होते. जेवून, अगदी झोपायच्या वेळी घ्यायची हे सांगितलेलं, तशी घेतली. पहाटे उठली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली, कारण तेही सांगितलेलं: अचानक उभं राहायचं नाही, रक्तदाब उतरतो. दोन मिनिटं बसली, उभी राहिली, परत बसली, मग सावकाश मोरीपर्यंत गेली. ओकारी आली नाही, पण सकाळच्या आंबोळीकडे बघवेना. हे पहिले दोन-तीन आठवडे होतं, मग शरीर सरावतं. औषध लिहून देताना हे सगळं आधीच सांगितलं म्हणून ती घाबरली नाही. न सांगता दिलं असतं तर दुसरी गोळी समुद्रात गेली असती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली, कारण कुणी सांगत नाही. क्वचित ह्या औषधाने माणसाचा तोल जातो, म्हणजे मनाचा. जुगार, वारेमाप खरेदी, असलं काहीतरी. त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं, 'बायको एकदम पार्सलावर पार्सलं मागवायला लागली तर मला फोन करा.' तो म्हणाला, 'मॅडम, ती गोळीच्या आधीपासूनच मागवते.' हसलो सगळे, पण मॅडम हसत हसत म्हणाल्या, आधीपेक्षा जास्त मागवली तर. हृदयाच्या झडपांचंही सांगितलं. कंपवाताच्या पेशंटना हेच औषध कितीतरी मोठ्या डोसमध्ये दिलं जायचं तेव्हा झडपा जाड झाल्याचं दिसलं होतं. आठवड्याला एवढीशी घेणाऱ्यांना ती काळजी फार कमी, डोस वाढला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढू.

तीन महिन्यांनी आकडा ११. पाळी महिन्याच्या महिन्याला. एमआरआय वर्षाने परत. गोळी किती दिवस, तर कमीत कमी दोन वर्षं, आणि तेव्हा आकडा ठीक असेल, गाठ दिसत नसेल तर कमी करत करत थांबवून बघायचं. काहींना परत वाढतं, मग परत चालू. मधेच मूल राहिलं तर? पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून मूल नको असणाऱ्यांनी पहिल्या गोळीपासूनच काळजी घ्यायची. हिला हवंच आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन करायचा, लहान गाठ असेल तर बहुतेक वेळा गोळी तिथेच थांबवतात आणि नऊ महिने डोकेदुखी, नजर ह्यांवर लक्ष ठेवतात.

तिच्या सासूबाईंचा प्रश्न मासळीचा होता. बांगडा उष्ण, सुंगटं म्हणजे कोळंबी उष्ण, बंद करायची का? मॅडमचं उत्तर: खाऊ दे, ह्या गाठीला बांगडा ना वाढवतो ना कमी करतो, काढे आणि चूर्णंही नाहीत. मला विचाराल तर तिच्या सासरी ह्या एका वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं एमआरआयच्या रिपोर्टाने नाही वाटलं.

ओपीडीत पुरुषही असतात, हे बघून मला नवल वाटलं. पुरुषांनाही प्रोलॅक्टिन असतं आणि वाढलं की इच्छा कमी होते, ताकद कमी होते, कधी छाती वाढते. ते सांगायला लाजतात म्हणून त्यांच्या गाठी सापडतात तेव्हा मोठ्या झालेल्या असतात. पुरुषांना हे असतंच कशाला, असं नणंदेने विचारलं तेव्हा मॅडमनी कबुतराचं सांगितलं. कबुतराची मादी आणि नर दोघंही पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतलं दह्यासारखं दूध भरवतात, तेही ह्याच हार्मोनवर. १९३० च्या सुमारास ह्या हार्मोनचा शोध लागला तो बराचसा कबुतरांवरूनच. माणसाचं प्रोलॅक्टिन वेगळं काढून दाखवायला मात्र १९७० साल उजाडलं. आमच्या पत्र्यावर बसतात त्या कबुतरांकडे मी तेव्हापासून जरा बऱ्या नजरेने बघते, घाण करतात तरी.

ज्यांना गाठ आहे पण त्रास काहीच नाही, पाळी नियमित, दूध नाही, त्यांना कधी कधी औषधही देत नाहीत, नुसतं बघत राहतात. पण पाळी बंद असताना वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर हाडं ठिसूळ होतात. आणि एक गंमत: काहींचा आकडा वाढलेला असतो, पण त्यांना काहीच होत नाही, कारण प्रोलॅक्टिन रक्तातल्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) चिकटून मोठा गोळा झालेला असतो, मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. तो मशीनला दिसतो पण शरीरात फारसं काम करत नाही. त्यासाठी पीईजी नावाची वेगळी चाचणी आहे. ती इथे होत नाही, नमुना मुंबईला जातो आणि रिपोर्टला आठवडा लागतो. त्रास काही नाही आणि आकडा मात्र वर, असं असेल तर एमआरआयच्या आधी ह्या चाचणीबद्दल विचारा.

आता तक्रारी. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण ती शनिवारी बंद असते असं मला वाटायला लागलंय. वेळ अकराची दिली तरी नंबर दीडच्या आधी लागत नाही, कारण मॅडम प्रत्येकाची पिशवी उपडी करतात. डबा घेऊन जा. काउंटरवर आडोसा अजिबात नाही. माझ्या वेळी तिथल्या मुलीने भरलेल्या बाकांसमोर मोठ्याने विचारलं, 'दूध येतं का? दोन्हीकडून?' समोर आमच्या गावचा एक पागी, म्हणजे जाळं टाकून मासे पकडणारा, बसलेला, त्याने लगेच खिडकीबाहेर बघितलं. मॅडमना सांगितलं. पुढच्या वेळी गेले तर छापील फॉर्म हातात आला, पण तो भरायला पेन मागावं लागतं आणि मागितल्यावर मुलगी म्हणते, 'दुधाचा लिहायचाय ना?' असो.

फी जिल्ह्याच्या मानाने जास्त आहे, पण महिन्याच्या आत परत गेलं तर घेत नाहीत. लॅबचे पैसे वेगळे, कार्ड चालत नाही, मोबाईलवरून देता येतात. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यावर मॅडमच्या हाताने एक ओळ असते, 'घाबरण्यासारखं नाही, बोलू' किंवा 'सोमवारी फोन करा'. दुसरी ओळ आली तरी जागरण करू नका, नणंदेला तीच आली होती.

पाचपैकी चार. एक तारा त्या काउंटरसाठी कापला.

मालवणहून यायचं तर चौके-धामापूर-नेरूरपार मार्गाची सकाळची एसटी बरी पडते, पण उतरून धावत जाऊ नका, नाहीतर लॅबवाला बसवून ठेवेल. गणपतीच्या दिवसांत ओपीडी नसते. पावसाळ्यात घाटात दरड आली तर शनिवार रविवारवर जातो आणि तसा मेसेज येतोच असं नाही. निघण्याआधी फोन करा, नऊच्या आत उचलत नाहीत.